चूल आणि चूळ

आमच्या वळगावची चंद्रा तोंडाची फटकळ. ती गोदामात खोकी भरते, आणि सुपरवायझरने उगाच आवाज चढवला तर त्याची तिथेच बिनपाण्याने करते. अशा बाईच्या पोटी मेघालीसारखी मुकी पोर कशी, असं लोक विचारायचे. पोर कसली मुकी! घरी तिची टकळी अखंड चालू असायची. शाळेत मात्र तोंडाला कुलूप.

त्याला कारण होतं. पहिलीत धडा वाचताना तिने बाळाचं 'बाल' केलं आणि डोळ्याचा 'डोला'. आता आमच्या बोलीत ळ नाहीच, त्यात त्या लेकराचा काय दोष? आमच्या पिढ्यान्‌पिढ्या ळशिवाय जगल्या, भांडल्या, पोराबाळांची लग्नं लावून गेल्या. कुणाचं काही अडलं नाही. पण धामणकर नाक्याजवळच्या त्या शाळेत बाहेरगावची मुलं जास्त. सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून मेघाली शाळेत एक शब्द बोलली नाही. दुसरी संपत आली तशी तिच्या सुकन्या मॅडमनी चंद्राला बोलावून सांगितलं, "लिहिते छान, पण बोलली नाही तर मागे पडेल हो पोर."

त्याच मॅडम दर शनिवारी आई-मुलांचा एकत्र वर्ग घ्यायच्या. दोघांत एक पुस्तक. एक ओळ आईने वाचायची, पुढची मुलाने. आजीही चालेल म्हणाल्या, म्हणून चंद्राच्या शेजारची मीही नातवाला घेऊन बसू लागले.

"काकी, मी तिसरीतून शाला सोरली," चंद्रा मला म्हणाली. "मना धड वाचता येत न्हाय. पन पोरीसाठी बसते." शनिवारची शिफ्ट तिने मैत्रिणीशी बदलून घेतली.

वर्गात ती अक्षरावर बोट ठेवून, घामाघूम होत आपली ओळ संपवायची. मग मेघालीची ओळ यायची आणि पुस्तक गप्प. मॅडम जरा वाट बघायच्या, मग दुसऱ्या जोडीकडे वळायच्या. चंद्राचा चेहरा असा उतरायचा की बघवत नसे. तिच्या जागी मी असते तर पोरीला एक धपाटा घातला असता. चंद्राने कधी हात उगारला नाही.

एके दिवशी तिने मॅडमनाच गाठलं. "मना ळ शिकवा. मना आला तं पोरीला येल." मॅडमनी जीभ मागे वळवून दाखवली. चंद्राने तो ळ इतका मनावर घेतला की दिसेल त्या ल-चा ळ करू लागली. गोदामात 'माळ आळा', फोडणीत 'ळसूण', आणि पोटच्या पोरीला हाक 'मेघाळी'! तिची सासू पुतळाबाई मला विचारायला आली, "सुनंची जीभ भाजली का गो?"

एका सकाळी चंद्रा म्हणाली, "मी चूळ पेटवते, तू पानी आन."

मेघाली पोट धरधरून हसली. "आय, चूळ भरतान! पेटवतान ती चूल!"

त्या दिवसापासून घरात मेघाली मास्तरीण आणि आई विद्यार्थीण. आई चुकली की पोर सुधारायची, आणि सुधारता सुधारता स्वतःही घोकायची. मला बरं वाटलं. पण शाळेत पाऊल टाकलं की पुन्हा कुलूप.

आणि एका शनिवारी नेमकी चुलीचीच ओळ चंद्राच्या वाट्याला आली. तिने बोट ठेवलं, जीभ वळवली आणि खणखणीत वाचलं, "आजीने चूळ पेटवळी."

वर्ग हसला. मुलं हसली ते एक वेळ ठीक, दोघी-तिघी आयाही फिदीफिदी हसल्या. माझं डोकंच फिरलं. एरवी चंद्राने एकेकीची पिसं काढली असती. पण हातात पुस्तक असलं की तिचा सगळा तोरा जायचा. तिने मान खाली घातली.

शेजारची मेघाली उठून उभी राहिली.

"कोनी हसाचा न्हाय!" ती ओरडली. "माजी आय शिकते हाय!"

त्या 'हाय'ला कुणी हसलं नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे मेघालीचं. वाचा पुढे, चंद्राताई."

चंद्रा कसली वाचते! तिचे डोळे भरून वाहत होते, तिला अक्षरं दिसेनात. मीही पदर डोळ्यांना लावला, खोटं कशाला सांगू. मेघालीने पुस्तक जवळ ओढलं, आईचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं, "आजीने चूल पेटवली."

पुढची ओळ तिची होती. तीही तिने वाचली.