तिसऱ्या दिवशीचे पाच शब्द

सगळे त्यांना एक्स्चेंज मावशी म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सत्तावीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. निवृत्त झाल्या आणि आमच्या हॉस्पिटलात एका संशोधनासाठी पेशंटना फोन करायला आल्या, कारण कानाला फोन नसला की कान ओका वाटतो म्हणे. मी त्याच खोलीत फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला होते. साहित्यात एम. ए. केलेल्या मुलीला दुसरं मिळणार काय, हे त्याच म्हणायच्या. आमच्या वयांत चाळीस वर्षांचं अंतर होतं. डबा मात्र एकत्र खायचो.

संशोधन भुलीवर होतं. ऑपरेशननंतर काही वयस्क माणसांना भ्रम होतो. बहुतेकांचा दोन-चार दिवसांत उतरतो. काहींची स्मरणशक्ती महिनोन्महिने जागेवर येत नाही. भूल जरा हलकी ठेवली तर फरक पडतो का, एवढाच प्रश्न होता. कोणाला हलकी आणि कोणाला गाढ, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. मावशींना ते कळत नसे. ऑपरेशनच्या आधी त्या पेशंटला पाच शब्द सांगत: दार, कांदा, शिट्टी, निळा, उशी. दहा मिनिटांनी परत विचारत. मग तेच शब्द तिसऱ्या दिवशी, आणि तीन महिन्यांनी फोनवर.

फोनवर त्या "कसे आहात?" असं कधीच विचारत नसत.

"त्यावर माणूस 'बरंय' म्हणतो आणि सुटतो," त्या म्हणायच्या.

एका शिंप्याने सगळं झकास असल्याचं सांगितलं. पाचही शब्द धडाधड म्हणून दाखवले.

"मशीनवर बसता का?"

"बसतो की."

"काल काय शिवलंत?"

पलीकडे कुजबुज. मग फोन बायकोने घेतला. "माप घेतात नि विसरतात हो. पण तुमचे शब्द मी रोज सकाळी घोकून घेते हं त्यांच्याकडून!"

मावशी हसल्या. मीही हसले. फॉर्मवर पाचपैकी पाच लिहिलं.

मावशींचा स्वतःचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कामातून गेला होता. बदलून घ्यायला त्या तयार नव्हत्या. "गुडघा गेला तर काठी मिळते. डोकं गेलं तर काय टेकू?" शेवटी खुर्चीतून उठायलाही माझा हात लागू लागला, तेव्हा हो म्हणाल्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना अभ्यासात घेतलं नाही. "तुम्हाला शब्द पाठ आहेत, मावशी. तुमची कसली परीक्षा?"

डॉक्टर गेल्यावर मावशी माझ्याकडे वळल्या. "तू मला नवे पाच शब्द काढून दे. तुझ्या डिग्रीचा एकदा तरी उपयोग होऊ दे. चंद्र-बिंद्र नको."

मी लिहिलं: किल्ली, शिडी, जांभळा, वाळू, डबा.

दहा मिनिटांनी त्यांनी पाचही सांगितले. मग अट घातली. तिसऱ्या दिवशी मी विचारायचं आणि जे असेल ते तोंडावर सांगायचं. तीन महिन्यांनी पुन्हा. त्या वेळी चारच्या खाली आले, तर त्या फोनवर बसणार नाहीत.

"मावशी, एवढं कशाला?"

"दुसऱ्याचं डोकं तपासणाऱ्याचं स्वतःचं ठिकाणावर नको का? मैत्री बाजूला ठेवायची. कबूल?"

मी कबूल म्हणाले. तेव्हा ते सोपं वाटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर मावशी सलाईनची नळी पलंगाच्या कठड्यात खोचू पाहत होत्या. "लाईन लागत नाहीये," त्या नर्सला सांगत होत्या, "सुपरवायझरना बोलवा." त्यांचा धाकटा भाऊ कोपऱ्यात हात बांधून उभा होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या शांत होत्या. मला ओळखलं. डॉक्टरांनी सहज विचारलं आणि मावशींनी दार, कांदा, शिट्टी, निळा, उशी न अडखळता म्हटलं. डॉक्टर हसून पुढच्या पलंगाकडे गेल्या. भावाने डोळे पुसले.

मी म्हटलं, "आता आपले सांगा."

"दार, कांदा..."

"ते नाहीत, मावशी."

"मग दुसरे कुठले?"

भाऊ मला दाराशी घेऊन गेला. "ताई आता कुठे सावरतेय गं. सांग ना, बरोबर आहे म्हणून. तुझं काय जातंय?"

पलंगावरून आवाज आला. "किती?"

मी परत गेले. "शून्य."

"लिही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तो शिंपी पास नव्हता गं. त्याची बायको पास होती."

मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. घोकलेलं आणि लक्षात राहिलेलं आमच्या फॉर्मवर एकाच आकड्यात जात होतं, आणि एवढ्या दिवसांत ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढे शब्दांच्या तीन वेगळ्या याद्या केल्या, दर खेपेला नवी ऐकवायची आणि दहा मिनिटांनी विचारायची. आधीच्या एकशे बारा फॉर्मांवर लाल शेरा मारावा लागला. तो मीच मारला.

तीन महिन्यांनी मावशी आपल्या पायाने खोलीत आल्या, काठीशिवाय. दोन आठवड्यांपूर्वी मी त्यांना फोनवर ते शब्द पुन्हा एकदाच ऐकवायला निघाले होते, तर त्यांनी फोनच आपटला होता.

"विचार," त्या म्हणाल्या.

"डबा. किल्ली." मग बऱ्याच वेळाने, "वाळू."

नियमाप्रमाणे एक मिनिट होतं. मी घड्याळ बघत होते. मिनिट संपलं.

"तीन," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. फोनसमोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः माझ्या स्टुलावर बसल्या. माझा पहिला फोन एका निवृत्त मास्तरांना होता. मी नंबर फिरवला आणि म्हटलं, "नमस्कार, कसे आहात?"

मावशींनी माझ्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

फोन झाल्यावर मी दंड चोळत फॉर्म भरत होते. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या.

"शिडी," त्या म्हणाल्या.

"मावशी, वेळ संपली."

"माहितीये गं. धरू नकोस." त्यांनी पुढचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. "लाव नंबर."