पाटकरी नाना आणि बारा तासांचं पाणी

पाटकरी नाना घड्याळाला विचारून शिंकायचे, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. पण आमच्या जुन्नर तालुक्यात वीस वर्षं कालव्याचं पाणी वाटूनही ज्याच्या अंगावर एक फावडं उगारलं गेलं नाही, तो माणूस हाडामांसाचा कसा असेल? कुणाच्या उसाला किती वेळ पाणी, ते त्यांच्या खिशातल्या वहीत. पाळी संपली की दार बंद. मग समोर सरपंच असो की सासरा.

नव्वदच्या दशकात विशीतल्या आम्हा सहाजणांना खूळ लागलं. मढजवळच्या धरणात सकाळी सहापासून बारा तास आळीपाळीनं पोहायचं, पाण्यात सतत एकजण हवाच. बेत आखायला आम्ही नानांकडे गेलो. त्यांनी वहीत उसाच्या जागी आमची नावं लिहिली. अर्धा तास पाणी, अडीच तास विश्रांती.

"आन् दमल्यावर वर यायचं न्हाई," नाना म्हणाले. "दम हाय तवर यायचं."

पहिल्या पाळीत मी असा सुटलो की माझी लाट म्हणे माळशेज घाटात ऐकू गेली. नावेतून नानांची शिट्टी वाजली. "आरं, सकाळीच मोटार जाळतो का? हळू!"

विश्रांतीचा कायदा तर जुलमीच. अंग कोरडं करायचं, घोंगडी पांघरायची, कोमट पेज प्यायची आणि तोंड बंद ठेवायचं. "बोलन्यात बी दम जातो," हे ते सगळ्यांना सांगायचे, पण बघायचे माझ्याकडे. न बोललेल्या शब्दांनी त्या दिवशी माझं वजन दोन किलो वाढलं.

दुपारी बबनच्या पोटरीत गोळा आला. उरलो पाच. नानांनी वही काढली. विश्रांती आखूड झाली, म्हणून पोहणंही आखूड केलं. वीस-वीस मिनिटं. गाडी पुन्हा रुळावर आली.

पाच वाजून गेले. माझी पाळी आली तेव्हा घोंगडीतही मला हुडहुडी भरली होती.

"थंडी वाजती का रं?" नानांनी विचारलं.

"छे! आत भट्टी पेटलीय!"

पाच मिनिटांत माझे हात कुठे चाललेत ते मलाच कळेना. नानांनी दंडाला धरून मला नावेत ओढलं, स्वतःचा सदरा माझ्या अंगावर टाकला आणि हळूच म्हणाले, "तू लपवलं. बाकीचे बी लपवत असतील. आता मला कुनाचंच खरं कळायचं न्हाई."

काठावर मात्र ते एवढंच म्हणाले, "वारं वाढलंय. बंद."

"नाना, चाळीस मिनिटं राहिली व्हती!" बबन रडकुंडीला आला. बाकीचे नको ते बोलले. मी घोंगडीत तोंड खुपसून गप्प राहिलो. त्या दिवसातली माझी ती पहिली मनापासूनची शांतता.

पुढे गावोगाव गोष्ट सांगितली ती मीच. म्हातारा वाऱ्याला भ्याला! दर वेळी सांगताना वारा थोडा कमी व्हायचा. वर्षभरात पानही हलेनासं झालं. कालव्यावर लोक टोमणे मारू लागले. "नाना, वारं सुटलंय, पानी बंद करता का?" नाना वहीत बघत राहायचे. मी भेटलो की फक्त विचारायचे, "बरा हायेस ना?"

दहा-बारा वर्षांनी नाना गेले. दशक्रियेला नदीकाठी भाषणं झाली. मी बोलका, म्हणून माइक माझ्याकडे आला. मी सगळं सांगितलं. हुडहुडी, भट्टी, सदरा. एकही गोष्ट फुगवली नाही. लोक आधी हसले, मग हळवे झाले.

एका पाव्हण्यानं पाठ थोपटली. "गेलेल्या मानसाचं झाकावं तर असं, राव!"

नानांचा मुलगा पुढे आला. डोळे भरलेले. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"भाऊ, आमच्या नानांसाठी तुमी एवढं खोटं बोलला. लई उपकार झाले."