शेवग्याला बांधलेला झोका

शेवग्याची फांदी न सांगता मोडते असे लोक म्हणतात. हे खोटे आहे. ती आधी ‘कर्र’ असा आवाज करते, मग थोडे थांबते. तेवढ्या वेळात माणसाला आपण किती मूर्ख आहोत हे नीट समजते. मग ‘कडाड’!

‘कर्र’ झाले तेव्हा मी झोक्यावर होते, झोका हवेत होता आणि माझ्या मांडीवर माझी सहा वर्षांची नात ध्रुवी होती. तिच्या डाव्या हाताचे प्लास्टर निघून थोडेच दिवस झाले होते. “आई, पोरीला पडू देऊ नको. हा हात पुन्हा मोडला तर कायमचा वाकडा राहील असं डॉक्टर म्हणाले,” असे माझ्या मुलीने, योगिताने, मला बजावून ठेवले होते. मी म्हटले होते, “मी काय पोरं वाढवली नाहीत?”

तर ही पोरं वाढवलेली बाई बहात्तराव्या वर्षी झाडाला लोंबकळत का होती, ते आता सांगते.

योगिता सुरतेला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती दरवर्षी कोरीटला माहेरी येते, पण ध्रुवीला या वेळी तीन वर्षांनी आणले होते. पोरगी दारात आली ती चपला घालून थेट चुलीपर्यंत गेली. मी ओरडले. (मी हळू बोलले तरी गल्लीत ऐकू जाते. ओरडले तर पुढच्या गल्लीत.) पोरगी आईच्या पदरामागे गेली आणि म्हणाली, “आ बा तो बहु खिजाय छे!” म्हणजे ही आजी फार रागावते. बरोबरच होते, म्हणून मी वाद घातला नाही.

त्यानंतर पोरगी माझ्या जवळ येईना. मी खोलीत गेले की ती अंगणात, मी अंगणात गेले की ती खोलीत. शेवटी योगिताने पिशवीतून एक चित्रांचे पुस्तक काढले.

“आई, हे तिला वाचून दाखव. म्हातारी आणि लहान मुलगी यांच्या मैत्रीचं आहे.”

“मैत्री? मी आजी आहे तिची. मैत्री कशाला पाहिजे?”

“तू वाच गं नुसतं!”

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षरांखाली बोट धरून वाचते, पण वाचते. ध्रुवी आधी हातभर लांब बसली. पान उलटले की चित्र दिसावे म्हणून थोडी सरकली. पुस्तक संपेपर्यंत तिचे डोके माझ्या कोपराला लागत होते.

पुस्तकाबद्दल माझे मत विचाराल तर ते खोटारडे आहे. त्यातली म्हातारी डोंगर चढते, होडी चालवते, पोरीबरोबर पतंग उडवते. तिला ना सून, ना गुडघे! सबंध पुस्तकात कुणी एक भाकरी थापली नाही. आणि शेवटच्या पानावर ती म्हातारी पोरीला मांडीवर घेऊन झोक्यावर बसली आहे, पाय ढगांना टेकले आहेत आणि दोघी हसताहेत.

ध्रुवीने त्या चित्रावर बोट ठेवले. मग माझ्याकडे बघितले. मग पुन्हा चित्राकडे.

“बा, आपण?”

पोरगी तीन दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती. मला ‘नाही’ म्हणता आले असते. म्हटले नाही.

आखाजीचे झोके गल्लीच्या तोंडाशी निंबाला बांधले होतेच. पण तिथे गावातल्या सगळ्या माहेरवाशिणी गाणी म्हणत गर्दी करून होत्या. त्यांच्यासमोर मी झोक्यावर चढले असते तर पुढच्या आखाजीपर्यंत तेच गाणे झाले असते! शिवाय ध्रुवीला तसले झाड नको होते. तिला चित्रातले झाड पाहिजे होते, बारीक गोल पानांचे आणि खाली काहीतरी लांब लांब लोंबणारे. पोरगी पुस्तक घेऊन मागच्या अंगणात गेली आणि ओरडली, “आ ज छे!” म्हणजे हेच ते.

पुढे शेवगा. बारीक गोल पाने, खाली लांब शेंगा. हुबेहूब.

आता हे नीट ऐका. शेंगांसाठी या शेवग्यावर चढणाऱ्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला मी आजवर खाली उतरवले आहे. “मर मेल्या! शेवग्याचं लाकूड काकडीसारखं मोडतं, ठाऊक नाही?” हे वाक्य माझे आहे. दुसऱ्या कुणी म्हटले तरी ते माझ्याकडून शिकलेले आहे. आणि मीच, आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी, दावणीचे चऱ्हाट आणून शेवग्याच्या फांदीवर टाकले, गाठी मारल्या, गोधडीची घडी घातली आणि फांदी हाताने दोनदा ओढून बघितली. ती हलली नाही. जाड होती. मला वाटले, जाड आहे म्हणजे झाले. (जाड तर मीही आहे!)

मी बसले. ध्रुवीला मांडीवर घेतले. पायाने जमीन रेटली.

“हजी, बा!” म्हणजे आणखी.

रेटली.

“हजी ऊंचे!”

आणखी रेटली. माझे गुडघे त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, हे मी आजही त्यांना माफ केलेले नाही. वारा तोंडावर येत होता, पोरगी हसत होती, आणि खरे सांगायचे तर मीही दात दाखवत होते. तेवढ्यात ‘कर्र’.

मी फक्त एक गोष्ट केली. पोरीचा डावा हात माझ्या पोटाशी दाबून धरला. मग ‘कडाड’ झाले आणि आम्ही शेजारी गेलो.

शेजारी म्हणजे माझी धाकटी जाऊ सुभद्रा. वाटण्या झाल्या तेव्हा दोन घरांमध्ये भिंत घातली, मागच्या अंगणात घालायच्या वेळी विटा संपल्या. तिथे तिने पहाटे उठून ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाड पापड, थापले होते आणि नवारीच्या दोन खाटांवर जुन्या साड्या टाकून उन्हात घातले होते. लसूण, मिरची, तीळ घातलेले, वरून सुकलेले, आतून ओले. त्यावर आम्ही उतरलो. पहिल्या खाटेने आम्हाला झेलून वर फेकले, दुसरीने झेलले आणि तिचा पाय मोडला.

सुभद्रा हातात परात घेऊन बाहेर आली.

“आक्का! तू आठे कशी वं?”

“वरून.”

“मन्हा बिबडा!”

“बिबडे मरू दे! पोरीला बघ!”

कारण पोरगी बोलत नव्हती. माझ्या पोटाशी तोंड खुपसून पडली होती. रडणे नाही, ओरडणे नाही. पडलेले पोर रडले की बरे असते. गप्प पोराची मला भीती वाटते.

“ध्रुवी? ए ध्रुवी! बोल गं माय!”

काही नाही.

सुभद्राने परात टाकली. “योगिता वं! पोर बोली नई ऱ्हायनी!”

योगिता पळत आली. झोका, मोडकी फांदी, मोडकी खाट आणि त्यात रुतलेली आई, एवढे सगळे तिने एका नजरेत पाहिले. पोरीला हात लावायचाही तिला धीर होईना.

“आई, झोका कोनी बांधा?”

“मी.”

“शेवगाले?”

“शेवगाले.”

ती शिव्या देती तर मला बरे वाटले असते. तिने ध्रुवीला अलगद उताणे केले. पोरीचे डोळे उघडे होते, गाल फुगले होते आणि जबडा हलत होता.

सुभद्रा वाकली. “तोंड उघाड बरं, बेटा.”

ध्रुवीने मान हलवून नाही म्हटले.

“हाय माय! खाई ऱ्हायनी ही!” सुभद्रा किंचाळली.

पोरीने तोंडातला ओला बिबडा शांतपणे चावला, गिळला, ओठ पुसले आणि म्हणाली, “हजी!”

तिला बिबडा आणखी पाहिजे होता की झोका, हे कळायला मार्ग नव्हता. कारण हे म्हणताना तिने दोन्ही हात वर केले होते. दोन्ही! डावासुद्धा, सरळ, कानाच्या वर. योगिताने तो हात धरला, वाकवला, फिरवला, बोटे हलवायला लावली. मग ती मातीत बसली आणि रडू लागली. मी रडले नाही. मला खाटेतून निघताच येत नव्हते, रडायचे तर नीट बसून रडावे.

एव्हाना निंबावरचे झोके रिकामे झाले होते आणि सगळ्या माहेरवाशिणी आमच्या अंगणात होत्या. ज्यांच्यापासून लपायला मी मागे आले, त्यांनीच मला चार बाजूंनी धरून ओढून काढले! सगळे बिबडे माझ्या पाठीला चिकटलेले. सुभद्राने ते एकेक करून सोलले, त्यातले अख्खे निघाले ते धुतलेल्या साडीवर पुन्हा वाळत घातले आणि मला सांगितले, “हाई तुन्हाच घर जातीन.” म्हणजे ते माझ्याच घरी येणार होते. आले. आम्ही तळून खाल्ले.

योगिताला तरी धीर नव्हता, म्हणून दुपारी नंदुरबारला नेऊन पोरीच्या हाताचा फोटो काढला. हाड जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, “छान जुळलंय. पण आजी, तुम्ही का उभ्या?” मी म्हटले, मला बसता येत नाही.

संध्याकाळी सुरतेहून व्याहीणबाईंचा फोन आला. योगिता काहीतरी गोलमोल सांगणार तेवढ्यात ध्रुवीने फोन ओढून घेतला आणि ओरडली, “मारी बा ऊडी!” माझी आजी उडाली! पुढे व्याहीणबाई काय म्हणाल्या ते योगिताने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी आखाजी. मी आमरस-पुरणपोळी उभ्यानेच जेवले. अंगणात गल्लीतले एक कार्टे उरलेल्या शेवग्यावर चढत होते. मी सवयीने ओरडले, “उतर मेल्या! शेवग्याचं लाकूड—”

“आजी, तुमी व्हा बाजूला,” ते वरून म्हणाले, “माले अंदाज शे.”

तर ध्रुवी वाचली, मी वाचले. शेवगाही वाचला, पाऊस पडल्यावर त्याला फुटवे आले. माझा धाक तेवढा जागीच गेला.