आखाजीला मोजलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर माझ्या दाढदुखीपासून सगळं ठाऊक असतं. मग तुम्हालाच का सांगतोय? कुणास ठाऊक. सांगतोय खरं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या ऑफिसात माझं काम एकच – गावोगावच्या विहिरींत टेप सोडायचा आणि पाणी किती खोल आहे ते लिहायचं. उन्हाळ्यातला आकडा महत्त्वाचा. पाणी फार खाली गेलेलं दिसलं, तर त्या गावात नव्या विहिरींना मंजुरी नाही, बँकही दारात उभं करायची नाही. गावात केळी लागणार की नाही, ते माझ्या एका ओळीवर ठरायचं. केवढा तोरा होता मला त्याचा!

भडगावकडच्या एका गावात केळीचं वेड शिरलं होतं. चैत्रातच विहिरींचे तळ दिसायला लागलेले. सरपंच आबा गोड माणूस. म्हणाले, "भाऊसाहेब, मोजणीला आखाजीलाच या ना. रस-पुरणपोळी खाऊन जा."

आता आखाजी म्हणजे – तुम्ही खानदेशातले असाल तर सांगायला नको – आमची अक्षय्य तृतीया. त्या दिवसांत शेतीचं काम बंद, मोटारी बंद, लेकी माहेरी. तीन-तीन दिवस उपसा नाही, म्हणजे विहीर हळूहळू भरून येणार. हे मला कळत नव्हतं? माझं कामच ते.

तरी गेलो. काय ती दुपार! रसानं डोळे जड झालेले, निंबांना बांधलेल्या झोक्यांची करकर, कुठूनशी येणारी पोरींची गाणी – सगळं गाव उन्हात तरंगतंय असं वाटत होतं. विहिरीत डोकावलो तर पाणी वर आलेलं, निळंशार, आत आभाळ. मला खरंच वाटलं, आहे की पाणी! उगाच कशाला घाबरायचं? स्वप्नात आपण कशालाही हो म्हणतो ना – तसं मी हो म्हटलं. आणि तोच आकडा लिहिला. पुढची चार वर्षं आखाजीलाच जात राहिलो.

कुणी एक पैसा दिला नाही हो. दिला असता तर बरं झालं असतं – निदान लाच खाल्ली, असं तरी म्हणता आलं असतं. मला नुसतं आबांच्या ओट्यावर मानानं बसायला आवडायचं.

मंजुऱ्या निघाल्या. नव्या विहिरी झाल्या, त्यांच्या तळाशी आजूबाजूचं पाणी ओढायला आडवे बोअर मारले, शिवारभर केळी उभी राहिली. ट्रक भरभरून दिल्लीकडं जायला लागले. गाव पुढं चाललंय, असं मीही ऑफिसात सांगायचो.

गावाच्या कडेला शेवंताअक्कांचा अर्धा एकर होता. एकटी बाई. एक जुनी उथळ विहीर, तिच्यावर भरताची वांगी आणि थोडी मेथी. तिन्ही बाजूंनी नव्या विहिरी खोल गेल्या, आणि अक्कांची विहीर आटली. पुढं पावसाळ्यातही तिच्यात पाणी ठरेना. वांगी जळून गेली. अक्का शेजारच्याच केळीत मजुरीला जाऊ लागल्या.

एका सकाळी त्यांनी मला त्यांच्या विहिरीजवळच्या वाटेवर गाठलं. चिडलेल्या नव्हत्या, तेच तर! "भाऊ, तुम्हना कागदवर गावमा पाणी शे ना? मंग मनी विहीरमाच का नही? मनं काय चुकनं?"

बोलायची वेळ तीच होती, नाही का? एक वाक्य पुरलं असतं – अक्का, कागद खोटा आहे, मी लिहिलाय. पण मी म्हणालो, "झरा फिरला असेल अक्का. देवाची मर्जी." देवाची!

त्यांना पटलं. घरातून हळदकुंकू घेऊन आल्या, कोरड्या विहिरीच्या काठावर वाहिलं, आणि माझ्यादेखत तिची माफी मागू लागल्या – काही चुकलं असेल तर पोटात घाल म्हणून. मी शेजारीच उभा होतो. मीही हात जोडले.