तिळाचं तेल आणि निकेल

नाशिकच्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होते तेव्हा आमच्या सरांचा देवावर फारसा विश्वास नव्हता, भट्टीवर मात्र होता. विजेची भट्टी, तिच्यातून आरपार गेलेली नळी आणि नळीत चिमूटभर निकेलची पूड, तो आमचा उत्प्रेरक. एका बाजूने कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने मिथेन निघायला हवा. म्हणजे धुरात वाया जाणाऱ्या वायूतून पुन्हा चूल पेटवायचा वायू. निकेलने फक्त दोघांची गाठ घालून द्यायची आणि आपण नामानिराळं राहायचं. आमचं निकेल इतकं नामानिराळं होतं की गाठच घालेना. दिवाळीनंतर विद्यापीठाची समिती येणार होती. तोवर काही निघालं नाही, तर माझं काम बंद.

सर मनमाडचे, वडील रेल्वेत फिटर. दसऱ्याला घरातली अवजारं तेल लावून पुजायची, हा त्यांच्याकडचा रिवाज. तो त्यांनी आमच्या भट्टीलाही लावला. हळदकुंकू, झेंडू, आणि नळीचे आटे उघडून सढळ हाताने तिळाचं तेल. "यंत्र कोरडं ठेवू नये," म्हणाले.

त्यानंतरच्या पहिल्याच प्रयोगात, निघालेला वायू तपासणाऱ्या यंत्राच्या कागदावर उंचच उंच रेघा उमटल्या. मिथेन, इथेन, प्रोपेन, सगळं खानदान हजर. सरांनी पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. पण एक मिथेन देताना ज्याच्या जिवावर येत होतं, ते निकेल एकदम प्रोपेनवर कसं गेलं, हे काही मला पचेना. सर जेवायला गेल्यावर मी दोन्ही वायू बंद केले आणि नुसता नायट्रोजन सोडला. रेघा तशाच आल्या.

"सर, हे सगळं तुमच्या तेलातून निघतंय," ते जेवून आल्यावर मी सांगितलं.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "पेढे आता परत मागता येणार नाहीत," एवढंच म्हणाले.

तेल घालवायला आम्ही तापल्या नळीतून हवा सोडून सगळं जाळून काढलं. त्यात निकेलही भाजून गंजल्यासारखं झालं, म्हणून त्याचा पुन्हा धातू व्हावा यासाठी त्याला नुसता हायड्रोजन दिला. मला रडूच येत होतं. पण पुढच्या प्रयोगात मिथेनच्या जागी एकच बारीक रेघ उमटली. कार्बन डायऑक्साइड बंद केला, गेली. सुरू केला, आली. मी ते इतक्यांदा करून पाहिलं की सर वैतागले. जळून, मग हायड्रोजन मिळाल्यावर तेच जुनं निकेल ताजं होऊन कामाला लागलं होतं. त्या रेघेवर समितीने माझं काम चालू ठेवलं.

पुढच्या दसऱ्याला सर तेलाची बाटली घेऊन भट्टीकडे निघाले. मी आडवी आले.

"का गं? मी तेल लावलं नसतं, तर तू निकेल जाळलं असतंस का?"

मी त्यांच्या हातून बाटली घेतली आणि दोन थेंब भट्टीच्या दाराला, बाहेरून, बिजागरीवर सोडले.