गच्चीवरची दुर्बीण

बाळांनो, आमच्या वरच्या मजल्यावरचे सुकापूरचे गृहस्थ अंधार पडला की गच्चीवर दुर्बीण लावतात. ते लोकांच्या खिडक्यांत डोकावतात, असा मला दाट संशय होता. काल वाळलेल्या कुरडया आणायच्या निमित्ताने मी वर गेले.

“या काकू, पकडा आकाशातला चोर!” म्हणत त्यांनी मला एक पुसट दीर्घिका दाखवली. “दोन दीर्घिका जवळून गेल्या, की त्यांच्यातला वायू न् तारे बाहेर खेचले जातात.”

“परत येतात?”

तुम्ही परदेशात आहात, हे त्यांना ठाऊक आहे. एरवी डोळ्याला डोळा भिडवून बोलणारे ते दुर्बिणीचं झाकण पुसू लागले. “येतात की! बाहेर कोनी राहत नाय.”

घरी येऊन मी खगोलशास्त्राचं पुस्तक उघडलं. काही परततात, बाकीचे दीर्घिकांमधल्या पोकळीत भटकत राहतात. म्हणजे हा माणूस खोटं बोलला; तो लबाड आहे, हा माझा संशय खरा निघाला.

उद्या त्यांना कुरडया तळून पाठवणार आहे.