काकूंच्या यादीतली चार वर्षं

बोरिवलीत आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वधूवर सूचक मंडळ चालवतात. स्थळं सगळी कोकणातल्या घरांची आणि ती सगळी त्यांच्या मुलाने मागे ठेवलेल्या जुन्या मॅक कॉम्प्युटरवर, एका एक्सेल फाइलमध्ये. त्यात मीही होते. माझा फॉर्म आईने परस्पर भरला होता. मी तिकडे कानाडोळा केला होता.

रविवारच्या मेळाव्यासाठी काकूंना वयासकट यादी हवी होती. मी प्रोग्रामर, त्यामुळे फुशारकी आलीच. फाइल माझ्या विंडोज लॅपटॉपवर घेतली, फाइल वाचणारी पायथनची एक तयार लायब्ररी लावली आणि जन्मतारखांवरून वयं काढली. तपासायला स्वतःची ओळ पाहिली. सदतीस. झकास! यादी सगळ्या घरांना पाठवून मी चहा टाकला.

चहाला उकळी यायच्या आत काकू दारात. "काय केलंस गो! सगळ्यांना चार-चार वर्षांनी म्हातारं केलंस. एकीची आई फोनवर रडतेय. माझ्या शब्दावर लोक स्थळं देतात, आता रविवारी तोंड कसं दाखवू?"

"काकू, मी तपासलंय ना. हे बघा, माझं वय बरोबर आहे."

चूक माझीच निघाली. फाइलच्या पोटात तारीख म्हणजे नुसता दिवसांचा आकडा असतो. काकूंच्या मॅकवरची फाइल ते दिवस १९०४ पासून मोजत होती, माझा प्रोग्राम १९०० पासून, म्हणून प्रत्येकाचा जन्म चार वर्षं मागे गेला. फाइल कुठून मोजते हे लायब्ररीला विचारता येतं. मी शहाणीने विचारलंच नव्हतं. एक ओळ बदलली आणि सगळी पुन्हा तरुण झाली.

मीसुद्धा. तेहतीस!

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "ही अशीच पाठवू? की आईला विचारून येतेस?"

मी तणतणत आतल्या खोलीत गेले. "आई, फॉर्ममध्ये चार वर्षं कापलीस? माझ्या वयाची लाज वाटते तुला?"

आई मटार सोलत होती. आजारपणानंतर तिचा डावा हात चालत नाही, त्यामुळे शेंगा गुडघ्याखाली दाबून, सावकाश.

"माझं सगळं अंथरुणात करण्यात तुझी चार वर्षं गेली," ती वर न बघता म्हणाली. "ती तुझ्या वयात कशाला धरायची?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. तिच्या समोर बसून थोडे मटार सोलले, मग तिथूनच काकूंना हाक मारली.

"सदतीस लिहा, काकू. ती चारही वर्षं माझीच आहेत."